एक जास्त धरणारा म्हाळूनाना

चार माणसं चहाला बसली की म्हाळूनाना पाच चहा सांगायचा. दोघं असलो तर तीन. एकटा असला तर दोन. जास्तीचा कप समोर यायचा, त्यावर साय धरायची, मग माशी बसायची, आणि उठताना नाना तो कप तसाच ठेवून यायचा. स्वतः प्यायचा नाही, दुसऱ्याला पिऊ द्यायचा नाही. एकदा मी त्या कपाला हात घातला तर त्यानं माझ्या मनगटावर फटका मारला. मी त्याचा मालक होतो, तो माझ्या गेटवरचा वॉचमन होता. हे इथंच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

हॉटेलवाला त्याला दर दोन दिवसांनी विचारायचा, "चचा, ये पाँचवाँ है कौन?"

"मागं ऱ्हायलाय," नाना म्हणायचा. एवढंच.

कुणी म्हणायचं मेलेल्या बायकोचा चहा आहे. ट्रकवाले म्हणायचे, म्हाताऱ्यानं भूत पाळलंय. माझं मत सरळ होतं. हा माणूस मला चिडवायला हे करतो, असं माझं मत होतं.

मला चिडवणं अवघड नाही. मी भंगारवाला. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी हातगाडी घेऊन त्यांच्या मागच्या दारांनी फिरायचो. पत्र्याची कात्रणं, लेथवरचा बुरादा, फुटकी पिंपं. हातगाडीचा टेम्पो झाला, टेम्पोचं गोडाऊन झालं. कुणी बोट धरून आणलं नाही, उलट गोडाऊनच्या पाटीवर नुसतं 'पुंजाराम ट्रेडर्स' वाचून लोक आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की काहींना अचानक दुसरीकडे काम आठवायचं. अशा माणसाचा आवाज चढतोच. माझा चढला की शेजारचा लेथवाला मशीन बंद करून ऐकत उभा राहायचा. दर पाडायला बसलो की समोरचा स्टोअरकीपर घामानं भिजेपर्यंत मी उठायचो नाही.

या कामात नानाचा मला उपयोग व्हायचा. तो माझ्या मागं उभा राहून हळूच वास घ्यायचा. खरंच वास घ्यायचा, नाकपुड्या फुगवून. समोरच्याला माल उचलून द्यायची घाई असली की नाना कान खाजवायचा, मग मी आणखी ताणायचो. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाला, "अस्वलाचं अन् तुझं सारखंच हाय. दिसतं कमी. वासावर चालायचं तर नाक तरी चांगलं पायजे. तुला ते बी नाय, म्हून मी हाय."

जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, खांद्यावर घोंगडी. मी टेबलफॅन दिला तर तो त्यानं कुत्रीकडे तोंड करून ठेवला, कारण कुत्री बाळंतीण होती. रेडिओ लावू द्यायचा नाही, "कानावर पडदा येतो." आणि मोजदाद. गेटातून आत येणारी प्रत्येक वस्तू तो मोजायचा, धोतराच्या सोग्यात खडे टाकून. बावीस पिंपं आली की मला येऊन सांगायचा, "तेवीस."

पहिल्या महिन्यात मी तीन ड्रायव्हरांची गचांडी धरली. एक पिंप कुठं गेलं म्हणून. मग ध्यानात आलं की नाना नेहमी एकच जास्त सांगतो, दोन कधी नाही. मी समजावलं, ओरडलो, शेवटी सोडून दिलं. नानानं सांगितलेल्या आकड्यातून एक वजा केला की तो कंपनीच्या चलनापेक्षा खरा निघायचा. तेवीस म्हणजे बावीस. आमचं चालून गेलं.

आता मी त्याला कामावर का ठेवलं ते सांगतो. दया म्हणून नव्हे.

आम्ही दोघं एका गावचे. कन्नडकडच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा आमचीही पेटली. मी शहरात होतो, हातगाडी ओढत. आई गावात एकटी. त्या रात्री ती मागच्या कुडातून निघाली आणि पावसात डांबरी सडकेपर्यंत चालत आली. सकाळच्या एसटीनं ती औरंगाबादेत उतरली तेव्हा तिच्या हातात जात्याचा लाकडी खुंटा होता. जातं उचलेना म्हणून खुंटा उपटून आणला होता.

पंधरा दिवसांनी मी गावी गेलो. तलाठ्याकडे यादी होती. जळालेली घरं, अकरा. मी अकरा नावं दोनदा वाचली. आमचं घर त्यात नव्हतं.

तलाठी म्हणाला, "तुमचं पावसानं पडलं असेल."

मी म्हणालो, जळालंय.

त्यानं पंचनामा काढून दाखवला. "पंचाचा अंगठा आहे ना. अकरा म्हणजे अकरा."

अंगठा म्हाळूनानाचा होता.

मी हे आईला सांगितलं, ते सांगायला नको होतं. पुढं दोन वर्षं ती तेच घोकत राहिली. "पावसानं पडलं म्हणतात व्हय रे? पावसानं पडल्या घराचे वासे काळे व्हतात का?" मी म्हणायचो, जाऊ दे. ती म्हणायची, "मला काय नगं. घर जळलं एवढं तरी लिहा म्हणावं." दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण वासे आठवत होते.

तेव्हापासून तो अंगठा माझ्या डोक्यात बसला. आमच्या घराशी नानाचं काही वाकडं नव्हतं. मग त्यानं आमचंच घर का गाळलं? कुणी सांगितलं होतं? काय दिलं होतं? मला पैसे नको होते, माफी नको होती. घर जळलं होतं हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दरम्यान डोंगरात अभयारण्य झालं, चराई बंद झाली, नानानं मेंढरं विकली. आणि एका दुपारी तो घोंगडी घेऊन माझ्याच गेटवर उभा. "पुंज्या, काम हाय का?"

भंगारवाल्याला एखादी वस्तू कामाची वाटली की तो ती लगेच मोडत नाही. कोपऱ्यात ठेवतो, वेळ येईपर्यंत. मी म्हणालो, "बस गेटवर. पण पुंज्या म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"पुंजाराम."

"बरं," तो म्हणाला. गावात मी त्याला 'नाना, तुमी' म्हणायचो. त्या दिवसापासून 'नाना, तू' म्हणू लागलो. त्यानंही हरकत घेतली नाही. सौदा बरोबरीत सुटला असं मला वाटलं.

चार वर्षांत मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो अर्ध्यातून उठला आणि "गेट बघून येतो" म्हणून गेला. गेट समोरच होतं. बंद होतं. चौथ्यांदा विचारायचं तर असं ठिकाण पाहिजे होतं, जिथून त्याला उठून जाता येणार नाही.

ते ठिकाण त्यानंच दिलं.

दर वैशाखी पौर्णिमेला नाना दोन दिवस सुट्टी घ्यायचा. आमचा बुद्धजयंतीचा दिवस, गोडाऊन बंद, आणि गेटवर माणूस हवा तेव्हाच हा नेमका गायब. त्या रात्री जंगल खात्याची मोजणी असते. उन्हाळ्यानं बाकीचं पाणी आटलेलं असतं, चांदणं पिठासारखं पडलेलं असतं, म्हणून प्रत्येक पाणवठ्याजवळ झाडावर मचाण बांधून दोन-दोन माणसं बसवतात. मावळतीपासून उजाडेपर्यंत जे जनावर पाण्यावर येईल ते कागदावर मांडायचं. गौताळ्याच्या रानातला एक झिरा नानाकडे असायचा. तो झिरा अस्वलांचा. त्या वर्षी नानाच्या जोडीला बसणारा पुतण्या वाळूजला कंपनीत लागला होता, त्याला रजा मिळाली नाही.

मी म्हणालो, "मी येतो."

नानानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न बोलता बसता येतं तुला?"

"येतं."

"नाय येत," तो म्हणाला. पण दुसरं कुणी नव्हतं.

मग माझी तयारी सुरू झाली. पाच दिवस साबण बंद, डोक्याला तेल बंद, पान बंद. माझे कपडे त्यानं शेणीच्या धुरावर दोन संध्याकाळी टांगले. बायको म्हणाली, "बुद्धवंदनेला असे बसणार? लोक उठून जातील." उठून कुणी गेलं नाही, पण माझ्या दोन्ही बाजूंना जागा बरीच झाली. दुपारी एसटीत तर कंडक्टरनं सुट्टे पैसे लांबूनच माझ्या मांडीवर टाकले. नाना खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटतं तो हसत होता.

मचाण अंजनाच्या झाडावर होतं, दोन पुरुष उंच. बुडाखाली बांबू, समोर पळसाच्या फांद्यांचा आडोसा. फॉरेस्टच्या गार्डनं, एका तरुण पोरगेल्या माणसानं, आम्हाला फॉर्म दिले, पेन दिलं, बजावलं, "खाली उतरायचं नाही, विडी नाही, बॅटरी नाही." तो गेला. मी शिडी वर ओढून घेतली आणि स्वतःच्या पाठीमागं ठेवली. आता बघू कुठं जातोस गेट बघायला, असं मनात म्हणालो.

मी अंधार पडायचीही वाट पाहिली नाही. कुजबुजलो, "नाना, त्या पंचनाम्यावर..."

नानानं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मेंढराचा वास होता, मेंढरं विकून इतकी वर्षं झाली तरी. दुसऱ्या हाताचं बोट त्यानं पाण्याकडे केलं. एक कोल्हं पाण्यावर आलं होतं. नानानं सोग्यात खडा टाकला. ते पिऊन गेलं तेव्हा मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हात. मोर. मग रानडुकरांचा कळप, अकरा डुकरं, चिखलात लोळून अर्धा तास गेली. मग साळिंदर. मी दर वेळी 'नाना' एवढंच म्हणायचो आणि रानातलं कुणीतरी नेमकं पाण्यावर यायचं. एवढी वर्षं पोटात साठवलेला प्रश्न आणि विचारायला जागा निवडली कुठली, तर जिथं खाकरायलाही बंदी. शिडीला टेकून माझी पाठ मोडली होती. डासांना मारता येत नव्हतं, कारण टाळी वाजते. मी शंभरदा मनात शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या स्वतःला.

चंद्र डोक्यावर आला तेव्हा आवाज आला. जोरात नाक शिंकरल्यासारखा. नानानं माझा गुडघा दाबला.

आधी मला काळी सावलीच वाटली. मग ती हलली. केसाळ, डुलत चालणारी, मान खाली घालून जमीन हुंगणारी मादी. पाठीवर, केसांना धरून, एक पिल्लू. मागून दुसरं, दर चार पावलांनी थांबणारं, मग आई पुढं गेली म्हणून घाबरून पळणारं. ती पाण्याशी आली आणि उभी राहिली, दोन पायांवर, माणसासारखी. छातीवरचा पांढरा पट्टा चांदण्यात लख्ख दिसला. ती आमच्याकडे हुंगत होती. मग ती खाली बसली आणि पाणी ओढायला लागली. त्याचा आवाज एवढा मोठा होता की पाण्याशीच कुणीतरी भांडतंय असं वाटावं. पाठीवरचं पिल्लू तिच्या डोक्यावरून पाण्यात घसरलं. तिनं ते तोंडानं उचललं, जमिनीवर ठेवलं, आणि पुन्हा प्यायला लागली.

बराच वेळ होती. गेली तशी डुलत गेली. एक पिल्लू पाठीवर, एक मागं.

खडे पडले. एक, दोन, तीन. थोड्या वेळानं चौथा.

"तीन होती," मी कुजबुजलो.

"चार."

"नाना, मी डोळ्यांनी पाहिलं. एक मोठं, दोन लहान."

"एक मागं असंल. पाण्यावर आलं नाय म्हून नाय असं कसं म्हणायचं?"

मला वाटतं तेव्हा माझा आवाज चढला. रानात कुठंतरी माकडं खेकसली. "न दिसलेलं मोजायचं, आणि दिसणारं घर सोडायचं? माझं घर तुला दिसलं नाही का नाना?"

या वेळी त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला नाही.

"बोल आता," तो म्हणाला. "ती येऊन गेली. उजाडंस्तोवर दुसरं कोन येत नाय." मग मी बोलायच्या आधी तोच बोलला, पाण्याकडे बघत. त्याचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो.

"तुझं घर मला दिसलंच नाय, कारन मी घरं बघायला गेलोच नाय. तलाठी शाळंत बसला व्हता. पाऊस, चिखल. वस्तीत कोन जाणार बूट भरवून? तो मला म्हणाला, नाना, तू मोजणारा माणूस, दारात उभा ऱ्हा अन् मोज. मी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा ऱ्हातो तसा शाळंच्या दारात उभा ऱ्हायलो. जळाल्या घरची माणसं नाव लिवायला आत जात व्हती. एक घर आत गेलं की एक खडा. अकरा पडले. मी अकरा म्हणालो. त्यानं अंगठा मागितला, मी दिला. मी राख मोजली नाय, पुंजाराम. दारातनं गेलेली माणसं मोजली. तुझी माय तवा तुझ्याकडं व्हती. दारातनं कोन जाणार?"

एवढी वर्षं मी कसले कसले डाव रचले होते मनात. कुणी सांगितलं, कुणी धमकावलं, कुणी काय दिलं. आणि निघालं हे. मेंढरं मोजायच्या रीतीनं माणसं मोजली.

"कळलं कधी?"

"दिवाळीच्या टायमाला खाली आलो. मेंढरं तुमच्या जाग्यावर जाऊन लोळली. उठली तर पाठी काळ्या. मंग वासे दिसले. तवापासून..." त्यानं सोग्यातले खडे चाचपले. "तवापासून एक जास्त धरतो. कमी पडाया नको."

मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी थांबणाऱ्यातला नाही. "आणि त्या रात्री कुठं होतास?"

"वर. मेंढरांपाशी."

"वरून दिसत होतं?"

"लई दिसत व्हतं."

"मग?"

"नाय उतरलो," नाना म्हणाला. "भ्यालो. कुत्र्यांची तोंडं बांधली, भुंकू नाय म्हून. अन् बसलो बघत."

मी त्याला मचाणावरून ढकललं असतं, असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं की वाटलं ते चूक नव्हतं. चांदणं तसंच होतं. झिऱ्यावर एक ससा येऊन गेला. नानानं खडा टाकला नाही.

पहाटे त्यानं उरलेलं सांगितलं. गावात पाच तलाठी बदलले. प्रत्येक नव्या तलाठ्याकडे हा जाऊन उभा राहायचा. 'सायेब, त्या पंचनाम्यात एक घर कमी हाय. बारा करा.' चौघांनी हाकलला. पाचवा म्हणाला, लेखी लिहून तहसील कचेरीत दे.

"मला लिवता येत नाय. गावात कुनाला सांगू? ज्याला सांगावं, त्याच्या घरातलं कोन ना कोन त्या रात्री व्हतं. म्हून तुझ्याकडं आलो."

"चार वर्षं झाली नाना. गेटवर बसलास. एकदा तरी बोलायचंस."

"तू इचारलं की छातीत धडधड व्हायची. तुझा आवाज लई मोठा."

मी त्याला कोपऱ्यात ठेवलंय असं समजत होतो. तो चार वर्षं माझा आवाज उतरायची वाट बघत होता.

उजाडल्यावर गार्ड आला. मी फॉर्म दिला. अस्वलाच्या रकान्यात नानाच्या सांगण्यावरून चार लिहिले होते. गार्डनं ते खोडून शांतपणे तीन केले.

"हे काय केलंत?" मी म्हणालो.

"काका, नानाच्या आकड्यातून आम्ही एक वजा करूनच धरतो. साहेबांना पण माहितीये."

"वजा का करता?" माझा आवाज पुन्हा चढला. मी स्वतः चार वर्षं तेच केलं होतं, हे त्या क्षणी आठवलं नाही.

"तुम्ही पाहिली का चार?"

"नाही. तीन."

"मग?"

तीनच लिहिले गेले. नानानं गार्डकडे एक कोरा फॉर्म मागितला आणि तो माझ्यापुढं धरला. "मागची बाजू कोरी हाय. लिव."

एका दगडावर बसून मी अर्ज लिहिला. 'मी म्हाळू, पंच, माझ्या चुकीमुळे एक घर यादीतून राहून गेले. जळालेली घरे अकरा नसून बारा होती.' एवढं पुरे, असं म्हणून मी पेन बंद केलं.

"पुरं नाय," नाना म्हणाला. "मी वरून बघत व्हतो ते लिव. कुत्र्यांची तोंडं बांधली ते बी."

"नाना, ते कशाला? ते लिहिलंस तर विचारतील, वरून कोण कोण दिसलं. तुला शेवटी गावातच राहायचंय."

"इचारू दे."

"घराचं काम एवढ्यावर होतं. उगाच जास्त कशाला?"

"लिव म्हणतो ना."

मी जन्मभर समोरच्याला खाली उतरवलंय. त्या दगडावर मी पाव तास घासाघीस केली, तीही त्याच्याच भल्यासाठी, आणि म्हातारा एका शब्दानं खाली आला नाही. शेवटी लिहिलं. मग 'घरमालक' म्हणून मी माझं नाव घातलं.

नानाला वाचता येत नव्हतं, पण त्यानं विचारलं, "कुनाचं नाव लिवलं?"

"माझं."

"तू तवा औरंगाबादेत व्हतास. घर मायचं व्हतं. ती ऱ्हात व्हती, ती निघाली. तिचं नाव लिव." मग खाली बघत, "तिचं नाव काय व्हतं रे? आम्ही सारे पुंज्याची माय म्हणायचो."

मी इतकी वर्षं 'माझं घर, माझं घर' म्हणत होतो. मी माझं नाव खोडलं. तिथं लिहिलं, गयाबाई.

"वाच."

मी अर्ज वाचून दाखवला. नावापाशी त्यानं थांबवलं. "परत." मी परत वाचलं. मग पेनातली कांडी काढून, तिची शाई त्याच्या अंगठ्यावर चोळून, तो कागदावर टेकवून घेतला. त्याचा हात मी धरला होता.

त्याला मी माफ केलं असं कुणी समजू नये. त्या रात्री तो वर बसून होता, हे आहे ते आहे. कन्नडला उतरल्यावर मी म्हणालो, "मीही येतो कचेरीत." तो म्हणाला, "तू नगं. तू आलास तर म्हणतील, ह्यानंच लिवून घेतलं. माझं मला सांगू दे." त्यात तथ्य होतं. मी औरंगाबादच्या गाडीत बसलो.

गाडी तहसील कचेरीवरूनच जाते, तिथल्या थांब्यावर थांबते. कचेरी उघडायला अजून तास होता. नाना पायरीवर एकटाच बसला होता, घोंगडी मांडीवर, त्यावर दोन्ही हातांत धरलेला तो कागद. आत साहेबानं विचारलं तर आईचं नाव वाचून सांगता येणार नव्हतं, पाठच पाहिजे होतं. त्याचे ओठ हलत होते. काचेतून आवाज येत नव्हता, पण चार अक्षरं म्हणून तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.